दवाखान्याच्या अंगणातील गादीवाफा

शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात, पहिल्याच अध्यायात, ग्रंथकाराने नऊ द्रव्यांची एक लहानशी यादी दिली आहे. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही ती द्रव्ये होत. ती सदैव आर्द्र अवस्थेतच योजावीत, व आर्द्र आहेत म्हणून त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असा त्या ठिकाणी स्पष्ट निर्देश आहे. परीक्षेसाठी ही यादी आपण सर्वांनी पाठ केलेली असते. परंतु आज आपल्यापैकी किती चिकित्सकांच्या हाताशी या नऊ द्रव्यांपैकी निदान चार द्रव्ये ओली उपलब्ध असतात, असा प्रश्न कोणी केला तर सभेत शांतता पसरेल, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः यांतील चार द्रव्ये मिळविण्यासाठी सह्याद्रीच्या कड्यांवर जाण्याचे कारण नाही. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक फूट उंच असा विटांचा गादीवाफा दवाखान्याच्या मागील अंगणात बांधला, तर त्यात शतावरी लागते आणि शेपू पेरता येतो. वाफ्याच्या कडेला अडुळशाचे एक झुडूप उभे राहते आणि कुंपणावर किंवा शेजारच्या कडुनिंबावर गुळवेल चढते. शेपू तर आपण भाजी म्हणूनच खातो. असे असूनही आपल्या चिकित्सेतील ओले द्रव्य जवळजवळ संपुष्टात आले आहे. त्याबरोबर स्वरस ही कल्पना पाठ्यपुस्तकापुरती उरली आहे, आणि वनस्पती प्रत्यक्ष ओळखण्याची आपली शक्तीही क्षीण झाली आहे. हे दोन्ही परत आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हा वाफा होय, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चरकाचार्यांनी पंचविध कषायकल्पना सांगताना स्वरस, कल्क, शृत, शीत व फांट असा क्रम दिला असून तो उत्तरोत्तर लघु होत जाणारा आहे. म्हणजे सर्वांत बलवान कल्पना ती स्वरसाची. शार्ङ्गधराने मात्रा सांगताना स्वरस गुरू असल्यामुळे तो अर्धा पलच द्यावा, असे म्हटले आहे. आजच्या मापाने हे सुमारे वीस ते चोवीस मिलिलिटर भरते. ओले द्रव्य न मिळाल्यास शुष्क चूर्ण दुप्पट पाण्यात अहोरात्र भिजवून, अथवा आठपट पाण्यात उकळून चतुर्थांश उरवून काम भागविण्याची सोयही त्याने ठेवली आहे. पण ती पर्यायी सोय आहे. आपण मात्र पर्यायालाच नियम करून टाकले. पुढे तर त्या पर्यायाचाही पर्याय निघाला. बाजारात बाटलीबंद रस आले, आणि त्यात परिरक्षक घालणे अपरिहार्य ठरले. अशा बाटलीस आम्ही टाकाऊ म्हणत नाही. प्रवासात असलेल्या किंवा चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या रुग्णास तिचा उपयोग होत असेल. परंतु सहा महिने कपाटात टिकणारे पेय आणि सकाळी खुडलेल्या पानांचा त्याच घटकेस काढलेला रस यांस एकच नाव देऊन एकाच फलश्रुतीची अपेक्षा करणे शास्त्रसंमत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शुष्क द्रव्यांविषयी तरी आपण कितपत जागरूक आहोत? एक वर्षानंतर औषधी द्रव्य गुणहीन होते आणि चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, असे तोच ग्रंथ सांगतो. काष्ठौषधींच्या दुकानातील पोत्यावर ते द्रव्य कोणत्या महिन्यात गोळा केले, याची नोंद क्वचितच आढळते. दुकानदार बंधूंनी राग मानू नये. त्यांच्याकडे माल येतो तोच तीन-चार हातांतून फिरून येतो, आणि विचारणारा वैद्य नसेल तर नोंद ठेवणार तरी कोणासाठी?

आता ओळखीचा प्रश्न. येथे काय पणास लागले आहे ते एका घटनेवरून दिसेल. २०२० च्या महामारीत गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तत्काळ खुलासा करून वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा पुढे आणला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुडूची असून, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेली असण्याची शक्यता त्यात मांडली होती. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. हे सर्व प्रकरण ‘भलतीच वेल वापरली गेली’ एवढ्या एका वाक्याने मिटवता येईल, असे आम्हांस वाटत नाही. स्वयंप्रतिकारजन्य विकारांचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास, अथवा ज्याच्या यकृताची अवस्था ठाऊक नाही अशास, दीर्घकाळ व मात्रेविना गुळवेल देणे हा विषय आपण स्वतंत्रपणे गांभीर्याने घेतला पाहिजे. परंतु त्या वादात आपली बाजू लंगडी पडली ती निराळ्या कारणाने. रुग्णाने नेमकी कोणती वेल घेतली, या प्रश्नास बहुतेक ठिकाणी उत्तरच नव्हते. शेजाऱ्याने दिली, बाजारातून आणली, बागेतून तोडली, असे सांगण्यात आले. कोणा वैद्याने ती पाहिली होती काय, याविषयी कोणी बोलले नाही.

गुळवेलीचे खोड हिरवट असते, तिच्यावर मोठ्या उठावदार गाठी नसतात, पिकलेले फळ गोल व लाल असते. क्रिस्पाच्या करड्या खोडावर मात्र गाठीच गाठी उठलेल्या दिसतात व खोड मोडल्यास दुधट स्राव येतो. हे वर्णन वाचून लक्षात राहत नाही. आपल्या दारात वर्षभर वाढणारी वेल मात्र माणूस विसरत नाही; तिचे कोवळे खोड, जून खोड, पावसाळ्यात तिने खाली सोडलेली लोंबती मुळे, वैशाखात झडलेली पाने हे सारे नजरेत मुरते. मग रुग्णाने पिशवीतून आणलेला तुकडा हाती घेताच, हा वेगळा आहे, असे बोटेच सांगतात. आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत वनौषधी उद्यान असतेच; पण बी.ए.एम.एस.च्या दुसऱ्या वर्षी द्रव्यगुणाच्या वहीत चिकटविलेली चपटी, वाळकी पाने पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या व्यवसायाला कशी पुरणार? चरकाचार्यांनी तर औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असे मोकळेपणाने म्हटले आहे. त्यांच्या ज्ञानावर आपण योजनेची, म्हणजे दोष, देश, काल व पुरुष पाहून द्रव्य वापरण्याची, जोड द्यावी अशी अपेक्षा आहे. मूळ रूपज्ञानच नसेल तर जोड कशाला देणार?

ब्राह्मीचे उदाहरण आपल्या प्रांतात याहून अधिक नित्याचे आहे. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून मागितल्यावर बहुधा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, हाती पडते. कोकणात तिलाच करिवणा म्हणतात. बाकोपा मोनिएरी ही दुसरी. तिची पाने लहान, जाडसर, रसाळ. फूल फिकट निळसर पांढरे. मंडूकपर्णीचे पान बेडकाच्या पावलासारखे वा मूत्रपिंडासारखे गोलसर, लांब देठावर एकेकटे. दोन्ही वनस्पती मेध्य म्हणून मान्य आहेत, दोन्हींवर ग्रंथांत भिन्न योग आहेत. ब्राह्मीघृताच्या पाकास कोणती वापरली हे वैद्यास सांगता आलेच पाहिजे. दोहोंनाही ओलावा प्रिय. एकाच वाफ्याच्या सखल कडेला हातभर अंतराने त्या लावल्या, तर येणाऱ्या विद्यार्थ्यास व औषधी दुकानातील कर्मचाऱ्यास पाच मिनिटांत जो भेद समजतो, तो तासभराच्या व्याख्यानाने समजत नाही. पुनर्नवा म्हणून येणारी घेटुळी आणि ट्रायान्थेमा, किंवा भुईआवळी म्हणून एकत्र बांधल्या जाणाऱ्या फायलॅन्थसच्या निरनिराळ्या जाती, यांचेही असेच.

भुईआवळी व माका यांविषयी एक गंमत सांगितली पाहिजे. ही दोन्ही बहुधा लावावी लागत नाहीत. श्रावणात वाफ्यावर ती आपणहून उगवतात, आणि माळी पहिल्याच खुरपणीत त्यांना तण म्हणून उपटून टाकतो. माळ्यास आवर घालणे हीही द्रव्यगुणाची सेवाच आहे.

आता वाफ्याविषयी थोडे व्यवहाराचे. गादीवाफा हा शब्द आपल्या शेतकऱ्यास नवा नाही. कांद्याचे व मिरचीचे रोप तो त्यावरच करतो. देशावरील काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, त्यामुळे कंद व मुळे कुजतात. कोकणात जांभ्या जमिनीवरून आषाढातील पाणी वाहून जाते, पण सखल परसात ते साचतेही. उंच वाफ्यात निचरा होतो, म्हणून हळद व आले यांचा कंदकुजीपासून बचाव होतो. रुंदी चार फुटांहून अधिक ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो व वाफ्यात पाय ठेवून माती दाबावी लागत नाही. कड विटांची किंवा कोकणात जांभ्याची असावी. जुने टायर, रंगवलेल्या फळ्या आणि फुटके ॲस्बेस्टॉसचे पत्रे आपल्याकडे सर्रास कडेला लावले जातात. औषधाच्या वाफ्यास ते वर्ज्य समजावेत.

शहरातील वैद्यांनी मातीकडे विशेष लक्ष द्यावे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० पासून बंद झाले असले, तरी मातीत बसलेले शिसे उडून जात नाही. रस्त्यालगतचे अंगण, जुन्या तैलरंगाच्या भिंतीचा पायथा, पूर्वी गॅरेज असलेली जागा या ठिकाणची माती औषधास योग्य नव्हे. येथे उंच वाफ्याचा खरा फायदा आहे: तळाशी फरशी किंवा जाड अस्तर घालून वर बाहेरची स्वच्छ माती, जुने कुजलेले शेणखत व थोडी वाळू भरली की अंगणातील मातीशी संबंधच उरत नाही. भस्मांतील जड धातूंवरून आपल्या शास्त्रावर आक्षेप घेतले जात असताना निदान तुळशीच्या पानातून तरी शिसे जाऊ नये.

गच्चीवर वाफा करणाऱ्यांनी वजनाचा हिशेब आधी करावा. ओली माती घनफुटास सुमारे पंचेचाळीस किलो भरते. म्हणजे वर सांगितलेला अठरा घनफुटांचा वाफा आठशे किलोंचा झाला. स्थापत्य अभियंत्यास विचारल्यावाचून तो चढवू नये. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळा कुजवून हलकी, सुपीक माती घरच्या घरी करण्याची पद्धत महाराष्ट्राला दाखवून दिली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाजीपाला, फळझाडे व औषधी वनस्पती वाढविल्या गेल्या. गच्चीसाठी हीच वाट योग्य.

खतांविषयी एक सावधगिरी. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाचे हस्तलिखित १९९६ मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाल्यापासून कुणपजलाचे आकर्षण वाढले आहे. वृक्षांच्या मुळांस ते अवश्य घालावे. परंतु ज्या पानांचा रस न उकळता रुग्णास द्यावयाचा, त्या पानांवर कुणपजल, जीवामृत किंवा ताजी शेणस्लरी शिंपडणे आम्हांस मुळीच मान्य नाही. स्वरस अग्निसंस्काराविना जातो हे विसरून चालणार नाही. वाफ्यातील पाने तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावीत, शेवटचे पाणी पिण्याचे असावे, आणि खल, कापड व हात हे सर्व शस्त्रकर्माच्या सिद्धतेने स्वच्छ असावेत. अडुळशाच्या पानांतून नुसत्या कुटण्याने रस फारसा निघत नाही. तेथे पुटपाकाची युक्ती आचार्यांनी दिलीच आहे, व तीत अग्निसंस्कारही होतो.

एक उणीवही सांगून टाकावी. उंच वाफा लवकर वाळतो. विदर्भात व मराठवाड्यात चैत्र-वैशाखात दिवसातून दोन वेळा पाणी आणि वर हिरव्या जाळीची सावली नसेल तर ब्राह्मी आठवडाभरही तग धरणार नाही. ज्यांच्याकडे टँकरचे पाणी येते त्यांनी फक्त कोरफड, तुळस, पानओवा व शतावरी एवढ्यावर समाधान मानावे.

आमच्या या सूचनेस व्यवसायबंधूंकडून दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, एवढ्याशा वाफ्यातून काय होणार? हा आक्षेप बरोबर आहे. वीस मिलिलिटर स्वरस पंधरा दिवस द्यावयाचा तर एका रुग्णास तीनशे मिलिलिटर लागतो, दहा रुग्णांस तीन लिटर. अठरा चौरस फुटांतून तो निघणार नाही. एका वेळी दोन-तीन रुग्णांची सोय झाली तरी पुष्कळ. दशमुळातील बृहत्पंचमुळाचे वृक्ष वाफ्यात मावत नाहीत, अर्जुन मावत नाही, हरीतकी मावत नाही. म्हणून वाफा हा रसशाळेचा पर्याय आहे, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. उपाय असा की दवाखान्यातील वाफा हा मातृवाफा मानावा. रुग्णास औषधाबरोबर त्याच वनस्पतीचे छाट किंवा रोप द्यावे, वैद्याने स्वतः ओळख पटवून दिलेले. त्याने ते आपल्या बाल्कनीत लावावे. पुढच्या खेपेस त्याने पान दाखवायला आणावे. असे केल्यास रुग्ण शेजाऱ्याच्या सल्ल्याने भलतीच वेल तोडण्याचा प्रसंगही टळतो.

पथ्याच्या बाबतीत तर हा मार्ग अधिकच उपयोगी. आपण अर्शाच्या रुग्णास चाकवत सांगतो, तांदुळजा सांगतो, पडवळ सांगतो. आणि तो बाजारातून पालक आणतो, कारण बाजारात दुसरे काही नसते. चरकाचार्यांनी शाकांमध्ये जीवंतीस श्रेष्ठ व सर्षपशाकास निकृष्ट म्हटले, भावप्रकाशात शाकवर्ग पत्र, पुष्प, फल, नाल, कंद व संस्वेदज असा सहा प्रकारांनी सविस्तर आला. एवढा विचार केलेल्या शास्त्राचे अनुयायी आज पथ्यपत्रिकेवर ‘हिरव्या पालेभाज्या’ एवढेच छापून मोकळे होतात! चाकवत कार्तिकात वाफ्यावर फेकला तर सुमारे दीड महिन्यात खुडण्यास येतो आणि त्यासाठी कौशल्य लागत नाही. मात्र ऑक्झलेटजन्य मुतखडा असलेल्या रुग्णास चाकवत, माठ व पालक देताना हात आखडता घ्यावा. हा विचार आधुनिक असला तरी स्वीकारण्याजोगा आहे.

दुसरा आक्षेप औषधी दुकानदारांचा व लहान रसशाळाचालकांचा. वैद्यच पाने वाटू लागले तर आमचे काय, असे ते विचारतात. कायद्याचा विचार केल्यास औषधे व प्रसाधने अधिनियमाच्या कलम ३३-ईईसी अन्वये वैद्यास केवळ स्वतःच्या रुग्णांपुरते औषध परवान्याविना तयार करता येते. तोच स्वरस बाटलीत भरून अन्यत्र विकावयाचा झाल्यास परवाना आला. ही मर्यादा वैद्यांनी काटेकोर पाळावी, म्हणजे तंटा उरत नाही. उलटपक्षी, २००० मध्ये अधिसूचित झालेल्या व २००३ मध्ये सुधारलेल्या अनुसूची ‘टी’ मध्ये कच्च्या द्रव्यांच्या ओळखीसाठी संदर्भग्रंथ व संदर्भ-नमुने ठेवण्याची अपेक्षा आहे. बरणीतील वाळके नमुने ती अपेक्षा कागदोपत्री पूर्ण करतात. रसशाळेच्या आवारातील दोन गादीवाफे मात्र खरेदी करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना वळण लावतात. भुईआवळीचा भारा आला की वाफ्यातील रोप उपटून शेजारी ठेवावे, पानाखालची फळे पाहावीत आणि मग पैसे द्यावेत. ज्या दुकानात असा वाफा आहे तेथे आम्ही स्वतः निःशंकपणे रुग्ण पाठवू.

संघटनेने यासंबंधी मोठा ठराव करावा, अनुदानासाठी अर्ज करावेत, उद्घाटनास पाहुणे बोलवावेत, अशी आमची इच्छा नाही. अशा रोपवाटप समारंभातील रोपे पुढल्या उन्हाळ्यात कोठे असतात हे सर्वांस ठाऊक आहे. त्याऐवजी ज्येष्ठात होणाऱ्या सभेस प्रत्येक सभासदाने आपल्याकडील एक वनस्पती छाट किंवा रोपाच्या रूपाने आणावी. सोबत चिठ्ठीवर तिचे शास्त्रीय नाव, आपल्या गावातील नाव व ती मूळ कोठून आणली हे लिहावे. द्रव्यगुणाच्या एखाद्या ज्येष्ठ अध्यापकांस बोलावून प्रत्येक छाट त्यांच्या नजरेखालून घालावे, आणि ज्याविषयी शंका असेल ते बाजूस ठेवावे. गुळवेलीची दोन-तीन पेरांची बोटभर जाडीची कांडी पहिल्या पावसाबरोबर, पेराची खालची बाजू खालीच ठेवून, तिरपी खोचली की बहुधा लागतेच. करिवणा आणि ब्राह्मी यांच्या मुळ्या फुटलेल्या कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एस.टी.नेही सुखरूप पोहोचतात.